मधुमेहात पर्यायी उपाय कसे वापरावेत: निदानापासून औषधं कमी करण्यापर्यंत, पायरीपायरीने

पुण्यात कुणाला शुगर निघाली की रिपोर्ट फाइलला लागायच्या आत सल्ले सुरू होतात. शेजारच्या काकू कारल्याचा रस सांगतात, ऑफिसातला मित्र दोनच वेळा जेवायला सांगतो, टेकडीवर भेटणारे आजोबा बिवळ्याच्या लाकडाचा पेला घ्यायला लावतात आणि कुणीतरी उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात राहून यायला सुचवतं. सगळे कळकळीनेच बोलतात. आमच्या घरी आधी आईला, मग मावशीला आणि आता मला मधुमेह आहे, त्यामुळे हे सगळं मी ऐकलंय आणि त्यातलं बरंच घरात करूनही पाहिलंय. माझं म्हणणं असं: उपाय गोळीचा असो की आजीबाईच्या बटव्यातला, तो मोजून पाहायचा, एका वेळी एकच सुरू करायचा आणि औषध देणाऱ्या डॉक्टरांपासून लपवायचा नाही. पर्यायी उपाय औषधाच्या जोडीने चालतात. औषधाच्या जागी ते कधी येऊ शकतात का, हे साखर मोजायचं मीटर आणि डॉक्टर मिळून ठरवतात.

पहिली पायरी: निदान पक्कं करा, प्रकार ओळखा

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर तो उंबरठा, म्हणजे प्रीडायबिटीस. लक्षणं काहीच नसतील तर एका रिपोर्टवर विसंबू नका, दुसऱ्यांदा तपासून घ्या.

एचबीएवनसी ही रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, पण ती रक्तातल्या तांबड्या पेशींवरून काढलेली असते. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर तो फसवा कमीही येतो. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन किती वेळा कमी निघतं ते पाहता, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवूनच वाचावेत.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न प्रकाराचा. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. तो फक्त लहान मुलांनाच होतो असं नाही, तिशी-चाळिशीतही सुरू होतो. वजन झपाट्याने उतरतंय, तहान भागत नाही, रात्रीत चार-पाचदा लघवीला उठावं लागतंय, असं असेल तर डॉक्टरांना सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी) आणि गॅड अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीचा हल्ला दाखवणारी) या तपासण्यांबद्दल विचारा. टाइप १ असेल तर पुढचं मेथी-कारल्याचं प्रकरण इन्सुलिनला पर्याय म्हणून वाचूच नका. १९२२च्या जानेवारीत टोरांटोत पहिल्या मुलाला इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी या आजाराची मुलं हाडं दिसेपर्यंत सुकून दगावत होती. आजही इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांतच, कधी त्याहूनही लवकर, रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून होणारी आम्लं, साठतात आणि जीव धोक्यात येतो. कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी मुलाचं इन्सुलिन थांबवू नका. हात जोडून सांगते.

दुसरी पायरी: शरीरात काय बिघडलंय ते समजून घ्या

टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं, पण स्नायू आणि यकृत त्याला दाद देत नाहीत. यकृतात आणि स्वादुपिंडात बहुधा चरबी साठलेली असते. यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं, म्हणून रात्री काहीही न खाता सकाळी आकडा चढलेला दिसतो. थकलेलं स्वादुपिंड हळूहळू मागे पडत जातं.

"मी तर बारीक आहे, मला कसा झाला?" या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. केईएमच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास चालवला, त्यात हेच जन्मापासून दिसलं. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण इथल्या बाळांचे स्नायू कमी भरलेले होते आणि चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती.

म्हणून वजनकाट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा. भारतीय पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटर आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या वर गेली की धोका सुरू होतो. नुसतं वजन उतरवून भागत नाही, स्नायू टिकवावे लागतात. पोटाला चिमटा काढून केलेले उपास आपल्या हाडापेराला इथेच नडतात.

तिसरी पायरी: सुरुवातीची नोंद करा

कोणताही उपाय सुरू करण्याआधी आजची स्थिती कागदावर हवी. एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तदाब, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि पायांची संवेदना, एवढं एकदा करून घ्या. पुढे वर्षातून एकदा तरी. डोळ्यांचं कुणी मनावर घेत नाही, कारण दिसत तर असतं. पण पडद्यावरची रक्तस्रावाची सुरुवात दुखत नाही.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व पण बघा. ही गोळी दीर्घकाळ घेतल्यावर बी-१२ कमी होतं, आणि पुण्यातल्या अभ्यासांत ही कमतरता मुळातच सर्रास आढळलीय. पायाला मुंग्या येणं हे मधुमेहाचंही लक्षण आणि बी-१२ कमी असल्याचंही. दुसऱ्याचा इलाज सोपा आहे.

घरी ग्लुकोमीटर हवाच. साबणाने हात धुऊन, कोरडे करून, बोटाच्या टोकाला न टोचता बाजूला टोचा. आंबा कापलेल्या हाताने तपासलं तर आंब्याचीच साखर मोजली जाते. आणि मोजायचं ते जोडीने: जेवणाचा पहिला घास घेण्याआधी एकदा आणि तिथून दोन तासांनी एकदा. दोन आकड्यांमधला फरक त्या जेवणाबद्दल सांगतो. नुसता सकाळचा आकडा बघून कोणता पदार्थ झेपतो ते कधीच कळत नाही.

चौथी पायरी: ताट बदला

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहेत.

आपल्या रोजच्या ताटात पोळी, भात, बटाट्याची भाजी आणि पातळ वरण असतं. म्हणजे चारातले तीन पदार्थ पिठूळ, आणि वरणातली डाळ तळाशी. ते उलटं करायचं: अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट उसळ, घट्ट वरण, पिठलं, पनीर, अंडं किंवा मासे, आणि उरलेल्या पावात पोळी, भाकरी किंवा भात, तिन्हींपैकी एकच. भाजी कमी तेलात चमचाभर करून चालणार नाही. मेथी, चाकवत, शेपू, गवार, घेवडा, दोडका अशा भाज्या भरपूर करायच्या आणि जेवायला बसल्यावर आधी त्याच खायच्या. कोशिंबीर आणि उसळ आधी, पोळी नंतर, एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. याला पैसे पडत नाहीत, म्हणून मी सगळ्यांना पहिलं हेच सांगते.

ज्वारीची भाकरी चांगली, पण ती औषध नाही. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे दोन फुलक्यांच्या थोडी वरच. एक भाकरी भरपूर भाजीबरोबर खाल्ली तर पोट भरतं. भाकरी चालते म्हणून तीन खाल्ल्या तर फायदा संपला. गुळाचंही तसंच. साखर सोडून गुळाचा चहा सुरू केलेल्यांनी एकदा मीटर लावून बघावं, रक्ताला त्यातला फरक फारसा कळत नाही.

उपासाच्या दिवशी तर 'एकादशी, दुप्पट खाशी' हे अक्षरशः खरं होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर रताळं. त्यापेक्षा दाण्याची आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर, पनीर, मूठभर भाजलेले दाणे आणि हवीच असेल तर थोडीशी भगर. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आहेत, त्यांनी निर्जळी किंवा कडक उपास डॉक्टरांना न विचारता करू नये.

चहा हा पुण्याचा खास मुद्दा. अमृततुल्यच्या पातेल्यात साखर आधीच उकळलेली असते. कप छोटा असतो खरा, पण दिवसाचे चार-पाच कप म्हणजे बरेच चमचे साखर झाली. एका चमच्यात ५ ग्रॅम. घरचा बिनसाखरेचा चहा सुरुवातीला नकोसा वाटतो, काही आठवड्यांत जिभेला सवय होते. हापूसची बंदी नको. जेवणातली पोळी वगळून अर्ध्या आंब्याच्या फोडी खा. आमरसाची वाटी आणि पुरी मात्र खरंच विसरा.

पाचवी पायरी: चाला, आणि वजनही उचला

स्नायू हलले की ते इन्सुलिनची फार वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. जुनी शतपावली म्हणूनच कामाची, फक्त ती शंभर पावलांवर थांबवू नका. प्रत्येक मोठ्या जेवणानंतर १० ते १५ मिनिटं चाला, सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, अगदी घरातल्या घरात. सकाळी पर्वती किंवा तळजाई करणाऱ्यांनी ते चालूच ठेवावं, पण सकाळची टेकडी रात्रीच्या जेवणाची भरपाई करत नाही.

आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचे व्यायाम हवेत. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर-खाली. साठीनंतर तर हे जास्तच गरजेचं.

योगाच्या बाबतीत आपल्या गावाची पुण्याई मोठी आहे. बी. के. एस. अय्यंगारांची संस्था इथेच, आणि लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये स्थापन केलेलं कैवल्यधाम. औषधांच्या जोडीला नियमित योग केल्याने एचबीएवनसी थोडं खाली येतं असं अनेक चाचण्यांत दिसलंय. झोप आणि ताण सुधारतात, तोही मोठा लाभ. मात्र पडद्याचा आजार पुढच्या टप्प्यात असेल तर शीर्षासन, सर्वांगासन, श्वास रोखून जोर लावणं टाळायचं, नाहीतर डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. शिकवणाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

पायांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी चालणं बंद. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड येतो आणि कळतही नाही. रोज रात्री तळवे आरशात बघा.

सहावी पायरी: पर्यायी उपाय एकेक पारखा

मेथीचे दाणे. यात विरघळणारा तंतू भरपूर असतो, तो साखरेचं शोषण मंद करतो. छोट्या चाचण्यांत फायदा दिसलाय. चमचाभर दाणे रात्री भिजवून सकाळी खायला हरकत नाही. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आकड्यावर लक्ष ठेवा, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी विचारा.

कारलं. भाजी म्हणून उत्तम. कारल्यापासून केलेल्या औषधांच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला तेव्हा पुरेसा पुरावा मिळाला नाही. आणि रसात दुधी मिसळू नका. कडू निघालेल्या दुधीत विषारी द्रव्यं असतात, आणि कारल्याच्या कडवटपणात दुधीचा कडवटपणा लपतो. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असाच मिश्र रस पिऊन मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या समितीनेही कडू दुधीच्या रसाबद्दल सावध केलं. दुधीची फोड आधी चाखा, कडू लागली तर फेकून द्या.

बिवळ्याचा पेला. विजयसार म्हणजेच बिवळा. त्यावर आयसीएमआरने नव्वदच्या दशकात चाचणी घेतली होती आणि नव्याने निदान झालेल्या रुग्णांत साखर उतरलेली दिसली. पण ते ठरावीक मात्रेतलं औषध होतं. पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात किती अर्क उतरतो हे लाकडागणिक बदलतं. पाणी प्यायला हरकत नाही, त्याच्या भरवशावर गोळी सोडायला आहे.

गुडमार, म्हणजे मधुनाशिनी. पान चावलं की काही वेळ जिभेला गोड चवच लागत नाही. गोडाची तलफ असणाऱ्यांना याचा उपयोग होतो. जांभळाच्या बियांच्या चूर्णाबद्दल पुरावा तुटपुंजा आहे. दालचिनी चिमूटभर ठीक, पण बाजारातल्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन असतं आणि रोज चमच्याने घेतलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. होमिओपॅथीने साखर आटोक्यात राहते असा विश्वासार्ह पुरावा नाही, इथे मी वेळ घालवणार नाही.

आयुर्वेदाकडे जायचं असेल तर शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्यांकडे जा. रास्ता पेठेतल्या ताराचंद रुग्णालयासारख्या ठिकाणी नाडी पाहतात तसे रक्ताचे रिपोर्टही पाहतात. चरकसंहितेत प्रमेहाचे (मधुमेह ज्यात मोडतो त्या आजाराचे) रुग्ण स्थूल आणि कृश असे दोन सांगितलेत आणि दोघांची चिकित्सा वेगळी. कृशाला आधी बळ द्यायचं. म्हणजे ज्याला त्याला एकच काढा देणारा माणूस आयुर्वेदालाही धरून वागत नाही. भस्मं असलेली औषधं ऐकीव माहितीवर घेऊ नका, शिशाच्या विषबाधेच्या नोंदी आहेत.

बिनलेबलच्या पुडीबद्दल मात्र मला कळकळीने बोलायचंय. मावशीने एका शिबिरातून 'शंभर टक्के जडीबुटी' चूर्ण आणलं. थोड्याच दिवसांत सकाळची साखर १८०वरून ९५वर आली, घरात आनंद झाला. मग एका पहाटे ती घामाने थबथबलेली, बोलणं असंबद्ध, मीटरवर ४८. साखर-पाणी पाजून ती शुद्धीवर राहिली. डॉक्टरांनी पुडी पाहिली, त्यावर ना घटक ना परवाना क्रमांक. चूर्ण बंद केल्यावर साखर पुन्हा पूर्वीच्या जागी. त्या पुडीत काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण 'हर्बल' म्हणून विकलेल्या चूर्णांत ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिनसारखी ॲलोपॅथीची औषधं मिसळलेली निघाल्याचे प्रकार अनेक देशांत सापडलेत. जडीबुटीचा परिणाम गोळीइतक्या वेगाने झाला तर खूश होऊ नका, शंका घ्या.

दोन वेळचं जेवण, म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत. दिवसात दोनदा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत. दिवसभराचं येता-जाता खाणं बंद होतं, हा यातला मला पटलेला भाग. पण त्या दोन जेवणांत ताट वर सांगितल्यासारखं हवं, आणि गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा व मात्रा आधी बदलून घ्यायला हव्यात.

निसर्गोपचारासाठी उरुळीकांचनचा आश्रम आहे, महात्मा गांधींनी १९४६मध्ये सुरू केलेला. तिथे साधं अन्न, चालणं, वेळेवर झोप मिळते आणि साखर उतरते. ती घरी आल्यावरही उतरलेली राहते का, हे तुमच्या स्वयंपाकघरावर ठरतं.

शेवटी 'रिव्हर्सल', म्हणजे मधुमेह उलटवणं. हे थोतांड नाही. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत निदानाला सहा वर्षांच्या आत असलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या, वजन जास्त असलेल्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला. वर्षअखेर ४६ टक्के जणांचा मधुमेह औषधाविना रेमिशनमध्ये होता, दोन वर्षांनी ३६ टक्के. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण सर्वांत मोठं. औषध थांबवून किमान तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.५च्या खाली असेल तर रेमिशन म्हणतात. वजन परत आलं की साखरही परतते. महागडं पॅकेज घेण्याआधी विचारा: तुमचे किती लोक दोन वर्षांनी औषधाविना आहेत? आणि देखरेख करणारा डॉक्टर कोण?

सातवी पायरी: बारा आठवड्यांची वही

एक उपाय निवडा. समजा, भिजवलेली मेथी. आधीचा आठवडाभर काही न बदलता जोडीचे आकडे लिहा. मग मेथी सुरू करा, ताट आणि चालणं आहे तसंच ठेवा. दर आठवड्याला तीन-चार जोड्या पुरेत, त्याच त्या जेवणाच्या. बारा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये एचबीएवनसी. ७.८चं ७.६ झालं तर त्याला उपायाचा गुण म्हणू नका, एवढा फरक लॅबमध्येही पडतो. ७.८चं ७.१ झालं तर चालू ठेवा. मेथी, कारलं आणि नवीन गोळी एकाच सोमवारी सुरू केली तर कशाने काय झालं हे कुणीही सांगू शकणार नाही.

थांबण्याचे आकडेही आधीच लिहून ठेवा. साखर ७०च्या खाली गेली किंवा सलग काही दिवस २५०च्या वर राहिली, की प्रयोग बंद आणि डॉक्टरांना फोन.

आठवी पायरी: खाली गेली तर, वर गेली तर

घाम, थरथर, भूक, चिडचिड, गोंधळ आणि मीटरवर ७०पेक्षा कमी: तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमीच असेल तर पुन्हा द्या. मग पोळी-भाजी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा.

उलट्या, पोटदुखी, जोरात खोल श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास: तडक हॉस्पिटल. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी उपास किंवा अगदी कमी कर्बोदकांचा आहार सुरू केला तर साखर फारशी न वाढताही कीटोन साठू शकतात. मीटर ठीक दाखवतंय म्हणून थांबू नका.

नववी पायरी: गोळ्या कमी करणं

ताट आणि चालणं जमलं की आकडे उतरतात आणि मग जुनी मात्रा जास्त होते. साखर धोकादायक खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या (ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या) आणि इन्सुलिन यांची मात्रा डॉक्टर सहसा आधी कमी करतात. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर धोकादायक खाली जाणं विरळा, म्हणून ती बहुधा शेवटी. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी साखर सुधारली म्हणून सुटत नाही, ती स्वतःहून बंद करू नका. खर्चाचा प्रश्न असेल तर तसं उघड सांगा. अनेक गोळ्यांची पेटंटं संपल्यामुळे त्यांची जेनेरिक रूपं खूप स्वस्त झालीत, जनऔषधी केंद्रात विचारता येतं.

पुढच्या भेटीला जाताना एका पिशवीत सगळं भरून न्या: गोळ्यांच्या पट्ट्या, चूर्णांच्या डब्या, काढ्याची बाटली, वही आणि मीटर. डॉक्टर रागावतील म्हणून चूर्ण घरी ठेवू नका. रागावले तरी डबी टेबलावर ठेवा आणि विचारा: हे माझ्या कोणत्या गोळीला आड येतं का, माझ्या किडनीला चालेल का, आणि आकडे असेच राहिले तर पहिली कोणती गोळी कमी करायची?